आपटीबार

विमानविद्येच्या बखरी लिहिणाऱ्यांनी उड्डाणाचं कौतुक एवढं केलं, की उतरण्याला पानाच्या तळाशीही जागा उरली नाही. आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांच्या विमानाचा विषय निघाला, की लगेच दोन तट पडतात. १८९५ साली चौपाटीवर ते उडालंच, असं म्हणणारे एकीकडे आणि ते उडणं शक्यच नव्हतं, असं म्हणणारे दुसरीकडे. मला त्या वादात पडायचं नाही. मला एवढंच दिसतं, की उडालं म्हणणाऱ्यांच्या कथेतसुद्धा ते दीड हजार फूट चढतं आणि मग खाली येऊन आपटतं. म्हणजे श्रद्धाळूंच्या आवृत्तीतही लँडिंग काही जमलेलं नाही.

राइट बंधूंची गोष्ट वेगळी नाही. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकच्या वाळूवर ऑरव्हिल १२ सेकंदांत १२० फूट गेला, तो फोटो आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलाय. त्याच दिवशीचं चौथं उड्डाण विल्बरचं. ५९ सेकंद, ८५२ फूट. ते संपलं तेव्हा विमान असं काही टेकलं, की पुढच्या बाजूच्या सुकाणूची चौकट मोडली. ती दुरुस्त करायचा विचार चालू होता, तेवढ्यात वाऱ्याने अख्खं विमानच उलथंपालथं केलं आणि वर्षाचा हिशेब तिथंच मिटला. इंजिनाच्या विमानातून माणसाच्या उडण्याचा पहिला दिवस असा हार्ड लँडिंगने संपला. शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला नव्हता, म्हणून कुणी ओरडलं नाही, एवढाच काय तो फरक.

हे सगळं मला सुचायचं कारण माझा पुतण्या. बारावी झाल्यावर त्याने वैमानिक व्हायचं ठरवलं आणि दादाने घरावर कर्ज काढून त्याला एका फ्लाइंग स्कूलमध्ये घातलं. शाळेचं आणि गावाचं नाव मी घेणार नाही, तिथल्या पोरांच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. तालुक्याचं गाव, बाहेर एमआयडीसी, तिच्या पलीकडे माळ आणि माळावर धावपट्टी. धावपट्टीला तारेचं कुंपण, आणि कुंपणाला लागून चहाची टपरी. पुतण्याला भेटायला गेलो, की मी त्या टपरीवर बसतो. तिथं रोज बसणाऱ्या मंडळींपैकी एकानेही विमानात पाय ठेवलेला नाही, पण लँडिंगची परीक्षा घेण्याचा अधिकार त्यांनी आपणहून घेतलाय. विमान टेकलं, की चहाचा घोट थांबतो. चाकं आवाज न करता लागली, तर कुणी काही बोलत नाही. धप्प झालं, की धोतराचा सोगा सावरत एखादा म्हणतो, "आपटीबार." दुसरा लगेच दुरुस्ती सुचवतो, "दोन वाजले. एक ह्यो, एक त्यो पुढं." तिसरा हिशेब मांडतो, "पोरगं नवं दिसतंय. मागल्या म्हयन्यातली पोरं एकदाच वाजवत्यात."

यातली गंमत अशी, की हा निकाल साधारणपणे बरोबर असतो. उडताना विद्यार्थी कोण आणि मास्तर कोण, हे जमिनीवरून ओळखता येत नाही. विमानाला उडायचंच असतं. पुरेसा वेग दिला आणि नाक थोडं उचललं, की ते आपोआप वर जातं. उतरताना मात्र सगळं उघडं पडतं. पहिल्या काही आठवड्यांत मुलांना दुसरं काम नसतं. एक हजार फुटांवर धावपट्टीला वळसा घालायचा, डाउनविंड, बेस, फायनल असं करत खाली यायचं, चाकं टेकवायची, पुन्हा थ्रॉटल पुढे ढकलून वर जायचं. सर्किट अँड लँडिंग. गिरणीच्या पट्ट्यासारखं तेच ते.

फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, मुलं शिकतात ती सेस्ना १७२ साधारण ६५ नॉटने येते, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. मिनिटाला पाचशे फूट या हिशेबाने खाली येत असते, म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. इथवर सगळं ठीक असतं. दहा-वीस फूट उरले, की नाक हळूहळू वर घ्यायचं आणि खाली येणं मोडायचं, याला फ्लेअर म्हणतात. त्यानंतर जे करायचं असतं, ते मला पुतण्याने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो चेष्टा करतोय असं वाटलं. जमीन फूट-दोन फूट खाली आहे, इंजिन मंदावलेलं आहे, आणि वैमानिकाने प्रयत्न करायचा तो न उतरण्याचा. विमान खाली बसू लागलं, की आणखी थोडं मागे ओढायचं. पुन्हा बसू लागलं, आणखी थोडं. शेजारचे सर म्हणत असतात, "होल्ड इट ऑफ, होल्ड इट ऑफ." मग पंखांना वजन पेलवेनासं होतं, विमान दमतं आणि मागची दोन चाकं टेकवतं. चांगलं उतरायचं, तर उतरायला ठाम नकार देत राहायचं. आमच्या घराण्यात हा स्वभाव पिढीजात आहे, त्यामुळे पोराला जड जाणार नाही, असं मला वाटलं होतं.

जड गेलं, कारण डोळे दगा देतात. नवखा मुलगा पुढ्यातल्या डांबराकडे बघतो, ते अंगावर धावून येतंय असं वाटतं आणि तो दचकून नाक वर खेचतो. विमान फुग्यासारखं वर तरंगतं, तिथं वेग संपतो आणि मग जे खाली येतं ते टपरीवर ऐकू जातं. दुसरा मुलगा खेचायचंच विसरतो आणि सेकंदाला अडीच मीटर हा जो वेग वरून आणला, तो जसाच्या तसा जमिनीला नेऊन देतो. म्हणून सर सांगतात, की नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेव. त्यातही धावपट्टीची रुंदी फसवते. नेहमीपेक्षा अरुंद पट्टी असली, की आपण आहोत त्याहून उंचावर आहोत असं वाटतं, रुंद असली की खाली आलोय असं वाटतं. म्हणजे आपल्या गावी शहाणा ठरलेला पोरगा दुसऱ्या गावच्या पट्टीवर पुन्हा आपटीबार वाजवू शकतो.

मला हे सगळं गाण्याच्या बैठकीसारखं वाटतं. गवयाने आलाप कितीही रंगवावेत, ताना कुठल्या कुठे न्याव्यात, लोकांची मान हलते ती समेवर. नवशिक्या गायकाची सम एक तर मात्राभर आधी पडते, नाही तर तो जागा शोधत घुटमळत राहतो आणि तबलजी कीव आल्यासारखा त्याच्याकडे बघतो. विद्यार्थी वैमानिकाचंही तेच. आधी पडली, तर धप्प. नाही पडली, तर विमान जमिनीलगतच्या हवेच्या गादीवर तरंगत राहतं आणि धावपट्टी खालून निघून जाते. दहा नॉट वेग जास्त आणला असेल, तर हे तरंगणं बघवत नाही. टपरीवरचे लोकसुद्धा उभे राहतात.

विमान हे सगळं सोसतं कसं? तर ते सोसण्यासाठीच बनवलेलं असतं. अमेरिकेतल्या ऑशकॉशचा स्टीव्ह विटमन हा विमानांच्या शर्यतीतला गडी. त्याने पोलादी पट्टीचा लवचीक पाय शोधला, त्याचं पेटंट घेतलं आणि सेस्ना कंपनीने तो आपल्या छोट्या विमानांना लावला. १९५६ मध्ये सेस्ना १७२ बाजारात आली, तेव्हा तिच्या तीन चाकांच्या रचनेला कंपनीने 'लँड-ओ-मॅटिक' असं नाव दिलं. जणू उतरण्याचं काम विमान स्वतःच करणार आणि वैमानिकाने नुसतं सोबतीला बसायचं. जाहिरात लिहिणाऱ्याने कुठल्याही फ्लाइंग स्कूलच्या कुंपणाबाहेर अर्धा तास काढलेला नसावा. पण विमान खरोखरच गुणी निघालं. आजवर ४४ हजारांहून जास्त बनली, आणि जगातल्या असंख्य वैमानिकांनी आपापले पहिले आपटीबार तिच्याच पायांवर वाजवले.

त्या पोलादी पायाचा एकच दोष. तो आपट गिळत नाही, परत करतो. जोरात टेकलात, तर तेवढ्याच उत्साहाने तो तुम्हाला वर फेकतो. इथून पुढचा खेळ धोक्याचा. विमान उसळलं, की घाबरलेला हात दांडा पुढे ढकलतो. आता पुढचं चाक आधी लागतं, आणि ते चाक नाजूक. ते विमान वळवायला दिलेलं असतं, वजन झेलायला नाही. नाक पुन्हा उसळतं, हात पुन्हा पुढे जातो, आणि दर उडीला आपट वाढत जाते. दोन-तीन उड्यांत पुढचा पाय वाकतो किंवा पंख्याचं पातं जमिनीला घासतं. मग हँगरमध्ये इंजिनिअर येतात. इंजिनामागच्या पत्र्याला सुरकुती पडली आहे का, हे टॉर्च लावून बघतात आणि जातिवंत डॉक्टरसारखे काहीच बोलत नाहीत.

अशा वेळी करायचं असतं ते एकच. थ्रॉटल पूर्ण पुढे, नाक सावरायचं आणि निघून जायचं. गो-अराउंड. फेरी मारून परत यायचं. आकाश कुणाच्या बापाचं नाही आणि धावपट्टी कुठे पळून जात नाही. ऐकायला इतकं सोपं, पण विद्यार्थ्यांना हेच सगळ्यात अवघड वाटतं, कारण इथवर आलोय तर आता टेकवूनच टाकू, हा मोह फार दांडगा. वैमानिकांच्या पोरवयात तो असतो आणि टक्कल पडल्यावरही पूर्ण जात नाही, असं सर म्हणतात.

घरी या सगळ्याचे पडसाद वेगळे. वहिनी रोज रात्री फोन करते. पूर्वी पहिला प्रश्न "जेवलास का?" असायचा, आता "नीट उतरलास ना?" असतो. पोरगं हुशार. प्रश्न दोन असले, की सोयीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं हे तो विमान शिकायच्या आधीच शिकलेला. तो म्हणतो, "जेवलो." दादा फोन घेत नाही. तो एकदा माझ्याबरोबर टपरीवर आला होता. एक विमान चांगलंच आपटलं. ते आपल्या पोराचं नव्हतं हे कळल्यावरही दादाचा चेहरा पूर्ववत झाला नाही. कर्ज काढलेल्या बापाला कुठल्याही आपटीत स्वतःचाच हप्ता ऐकू येतो. व्यावसायिक परवान्याला २०० तास उड्डाण लागतं, आणि प्रत्येक तासाचा दर त्याला पाठ आहे.

दादाची एक लाडकी गोष्ट आहे, ती तो पोराला उगाच ऐकवतो. जेआरडी टाटा ३ तास ४५ मिनिटं शिकले आणि एकटे उडाले. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना परवाना मिळाला, त्यावर क्रमांक होता १. आजच्या मुलांना सोलोपर्यंत पोचायला त्याच्या कितीतरी पट तास लागतात. पुतण्या ऐकून घेतो आणि म्हणतो, "बाबा, त्यांच्या वेळी जुहूला उतरायला चिखलाचं मैदान होतं." हे खरं आहे. पावसाळ्यात ते मैदान पाण्याखाली जाई आणि टाटांची टपालाची विमानं पुण्याहून ये-जा करत. पण चिखल असला म्हणजे उतरणं सोपं होतं, हा युक्तिवाद मला पटलेला नाही. मी मधे पडत नाही, एवढंच.

उतरण्याची कटकट कायमची टाळावी असं वाटलेली माणसंही होऊन गेली आहेत, निदान मला तरी तसं वाटतं. रॉबर्ट टिम आणि जॉन कुक या दोघांनी ४ डिसेंबर १९५८ ला लास व्हेगासहून सेस्ना १७२ उडवली आणि ती ७ फेब्रुवारी १९५९ ला खाली आणली. ६४ दिवस २२ तास. रस्त्यावरून पळणाऱ्या ट्रकमधून नळी वर ओढून ते पेट्रोल घ्यायचे, जेवणही तसंच. मधे कुठे गुपचूप उतरले नाहीत, याचा पुरावा म्हणून सुरुवातीलाच मोटारीतून पाठलाग करून त्यांच्या चाकांना पांढरा रंग फासला होता. पुतण्याला ही गोष्ट सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प झाला. त्याच्या मनात काय चाललं होतं, हे मला कळलं. पण पेट्रोलचे पैसे दादाच देणार होता.

अलीकडे हार्ड लँडिंग आणि सॉफ्ट लँडिंग हे शब्द टपरीवरही रुळलेत, ते चंद्रामुळे. सप्टेंबर २०१९ मध्ये विक्रम लँडर चंद्रावर आपटला, त्या रात्री सारा देश जागा होता. चांद्रयान-३ च्या वेळी इस्रोने काय केलं, तर लँडरचे पाय मजबूत केले. आधी सेकंदाला २ मीटर वेगाची आपट सोसतील असे होते, ते ३ मीटरचे केले. २३ ऑगस्ट २०२३ ला ते नीट उतरलं. छोट्या विमानांचे पायसुद्धा सेकंदाला सात ते दहा फूट वेगाची आपट धरूनच आखतात, आणि दहा फूट म्हणजे तीनच मीटर. चंद्रावर जाणारे शास्त्रज्ञ आणि तालुक्याच्या गावातले फ्लाइंग सर हे दोघेही शेवटी एकाच निष्कर्षाला आले. पोरगं आपटणार हे धरूनच चाला, पाय भक्कम ठेवा.

आणि फार मऊ उतरण्यातही फायदा नसतो. १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर यान इतकं अलगद टेकवलं, की आपटीने दबावेत म्हणून बनवलेले पाय फारसे दबलेच नाहीत. शिडीची शेवटची पायरी जमिनीपासून तीन-साडेतीन फूट उंच राहिली आणि त्याला खाली उडी मारावी लागली. थोडं आपटला असता, तर सावकाश पायरी उतरून इतिहास घडवता आला असता. विमानवाहू जहाजावर उतरताना नौदलाचे वैमानिक तर फ्लेअर करतच नाहीत. आयएनएस विक्रांतच्या डेकवर मिग येतं ते सरळ येऊन आदळतं, आणि आदळल्याबरोबर वैमानिक इंजिनाचा जोर वाढवतो, कारण विमान अडवणारी डेकवरची तार हुकली तर डेक संपायच्या आत पुन्हा उडावं लागतं. आमच्या टपरीने ते पाहिलं, तर त्यांना नापासच करील.

पुतण्याच्या सोलोच्या दिवशी मी तिथं होतो. आधी सरांबरोबरची सर्किट्स चालू होती. एका फेरीत तो फायनलवर जरा उंच आला, फ्लेअरला विमान तरंगलं, बाजूच्या वाऱ्याने एक पंख उचलला, आणि आता आपटीबार वाजणार म्हणून टपरीवर सगळ्यांनी माना पुढे केल्या. तेवढ्यात इंजिनाचा आवाज चढला आणि विमान निघून गेलं. "भ्यालं," धोतरवाले आजोबा म्हणाले. "टेकलंच न्हाई." निकाल एकमताने नापास. पुढची फेरी संपवून विमान थांबलं, सर खाली उतरले आणि पोराला हाताने खूण केली, की आता एकटा जा. संध्याकाळी मी सरांना विचारलं, की आज त्याची सगळीच लँडिंग काही चांगली नव्हती, मग आजच का? ते म्हणाले, "चांगलं लँडिंग त्याला महिन्यापूर्वीच जमत होतं. नको असलेलं सोडून देणं आज जमलं. मी तोंड उघडायच्या आत थ्रॉटल पुढे गेला होता." एकटा उतरल्यावर त्याच्यावर बादल्या-बादल्या पाणी ओतलं, ही आपल्याकडची रीत. अमेरिकेत म्हणे शर्टाचा मागचा तुकडा कापून भिंतीला लावतात. वहिनीला पाण्याची रीत पसंत आहे, शर्ट वाचतो. एकट्याने केलेलं ते लँडिंग कसं होतं म्हणाल, तर आपटीबारच. लहान, पण वाजला.

तेव्हापासून मला प्रवासी म्हणून माझ्याच जातीची कीव येऊ लागली आहे. दिल्लीहून दोन तास सुखाने आणलं, ढगांतून वाट काढली, त्याचं काही नाही. शेवटच्या दोन सेकंदांवर आपण वैमानिकाची लायकी ठरवतो आणि टेकताना जरा हिसका बसला, की शेजाऱ्याकडे बघून "नवा दिसतोय" म्हणतो. पावसाळ्यात मुंबईची धावपट्टी ओली असते. अशा वेळी मोठ्या विमानाचं अलगद टेकणं धोक्याचं. चाकं पाण्याच्या पातळ थरावर तरंगत राहतात, ब्रेक लागत नाहीत. ठणकावून टेकलं, की चाकं पाणी फोडून डांबराला लागतात, फिरू लागतात, पायांवर वजन पडल्याचं विमानाला कळतं, पंखांवरच्या झडपा उघडतात आणि ब्रेक पकड घेतात. कॅप्टन मुद्दाम आपटतो, आपल्या भल्यासाठी.

तेव्हा येत्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईला उतरताना पाठीत दणका बसला, तर दारात उभ्या असलेल्या त्या टोपीवाल्याकडे रागाने बघू नका. आणि टेकता टेकता विमान परत वर गेलं आणि घरी पोचायला वीस मिनिटं उशीर झाला, तर त्याचे जरूर आभार माना.